डाव्या डोळ्याचं ब्रॅकेट

गोवंडी
२४ ऑगस्ट २०२५

गुणाजी काका, जय भीम.

मी राजारामची चेतना. तुम्हाला फोन केला होता. तुम्ही उचललात, "कोण? मोठ्याने बोल, मशीन चालू आहे" म्हणालात. मी स्टेशनबाहेर उभी राहून बोंबलले, रिक्षावाले वळून बघायला लागले, आणि तुम्ही "राँग नंबर" म्हणून ठेवून दिलात. आई म्हणाली, त्यांचे कान प्रेस मशीनने कधीच खाल्ले, तू लिहून दे, मी नेऊन देते. मरोळच्या हॉस्पिटलला ड्यूटीवर जाताना तिची बस तुमच्या लेथच्या गाळ्यावरूनच जाते. तर आमच्या मातोश्री द्रौपदीबाई आता पोस्टमन.

मुद्द्याचं सांगते. मी कॉलेजपासून एअर रायफलचं शूटिंग करते. बाबा होते तेव्हा तुम्हाला कौतुकाने सांगायचे, आठवत असेल. दहा मीटरवर एक कार्ड, त्यावर काळा गोल, त्याच्या मधोमध छर्रा मारायचा. नेम धरायला रायफलवर मागे एक बारीक भोकाची साइट असते आणि पुढे एक रिंगची. या दोन साइट बसवायला मला दोन ब्रॅकेट हवीत, बाजारात मिळतात तशी नाही, खास बनवलेली. सोबत ड्रॉइंग आहे. रायफलच्या पट्टीचा एक जुना तुकडाही पाठवतेय, म्हणजे खाच त्यावर बसवून बघता येईल.

जास्त काही विचारू नका, ड्रॉइंगप्रमाणे करा. नोव्हेंबरच्या सुरुवातीला राज्याच्या टीमची निवड आहे, त्याआधी मला हात बसायला वेळ पाहिजे.

तुमची
चेतना

ता.क. डब्यात करंज्या आहेत. आईने मोजल्यात, बाजूच्या गाळ्यात वाटू नका.


साकीनाका
८ सप्टेंबर

चेतना, आशीर्वाद, आणि तुझा जय भीम परत.

गणपतीला गावी कुडाळला गेलो होतो म्हणून उशीर. आल्या आल्या तुझं काम घेतलं. रांगेतली बाकीची गिऱ्हाईकं शिव्या घालतायत, घालू देत, मला ऐकू येत नाही.

ड्रॉइंग छान काढलंयस. पण बाय माझे, त्यात दोन मोठ्या चुका होत्या. पहिली, साइट नळीच्या वर असायची सोडून डावीकडे दोन-अडीच इंच बाहेर लोंबकळत होती. अशी बंदूक धरून उभी राहिलीस तर लोक म्हणतील हिने बंदुकीला आरसा लावलाय, रिक्षाला असतो तसा. दुसरी, पुढचं ब्रॅकेट मागच्यापेक्षा आखूड. दोन्ही सारखी नसतील तर नेम सरळ कसा येईल? घाईत आकडे इकडचे तिकडे झाले असणार. माणसाचं होतं असं.

मी दोन्ही चुका दुरुस्त केल्या. आता साइट बरोबर नळीच्या मध्यावर बसते आणि दोन्ही ब्रॅकेट एका मापाची आहेत. ॲल्युमिनियम चांगल्यापैकी घेतलंय, कडा हाताने मोडल्यात, बोट फिरवून बघ, कुठे लागणार नाही.

आभार वगैरे मानू नकोस. राजारामच्या पोरीचं काम म्हणजे घरचंच.

गुणाजी


गोवंडी
१० सप्टेंबर

गुणाजी काका,

ब्रॅकेट बघितली. कडा झकास. फिनिश असा की आईने शोकेसमध्ये ठेवायला मागितली. आणि ठेवली पण, कारण दुसरा काही उपयोग नाही त्यांचा.

काका, त्या चुका नव्हत्या हो.

नाइलाजाने लिहिते, कारण तुम्ही ऐकणारे नाही (दोन्ही अर्थांनी). मे महिन्यात माझ्या उजव्या डोळ्याला इन्फेक्शन झालं. बरं झालं, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला. त्या डोळ्याने आता फक्त उजेड आहे की अंधार एवढंच कळतं. समोर माणूस आहे की कपाट, पत्ता नाही. आईला माहीत आहे आणि आमच्या कोच गंधाली मॅडमना. बाकी कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं की लोक आवाज बारीक करून बोलायला लागतात. तुम्ही तेच कराल म्हणून नवीन टेक्निकबिक्निक काहीतरी थाप मारणार होते, मग तीही मारली नाही.

तर भानगड अशी. रायफल मी उजव्या खांद्याला लावते. आठ वर्षं लावतेय. गाल, हात, पाय, श्वास, सगळ्याला तीच सवय. डाव्या खांद्यावर घ्यायची तर बालवाडीपासून सुरुवात, वर्ष-दीड वर्ष सहज जाईल. आणि रायफल माझी नाही, क्लबची आहे. टीममध्ये असलेल्याला ती वर्षभर मिळते. नोव्हेंबरमध्ये माझी निवड झाली नाही तर ती पुढच्या पोरीला जाईल, मग मी डाव्या खांद्यावर काय झाडू घेऊन प्रॅक्टिस करू?

म्हणून साइट डावीकडे. खांदा उजवा, गाल उजवा, आणि नेम डाव्या डोळ्याने. हे नियमात बसतं, मॅडमनी विचारून घेतलंय. पुढचं ब्रॅकेट आखूड, कारण साइटची रेषा डावीकडून निघून दहा मीटरवर नळीच्या रेषेला जाऊन भेटायला हवी. सारखी केलीत तर नेम मधोमध आणि छर्रा कार्डाच्या बाहेर.

रिक्षाच्या आरशाला आम्ही हसलो मात्र खूप.

चेतना


साकीनाका
१३ सप्टेंबर

चेतना,

तुझं पत्र वाचलं आणि मशीन बंद केलं. नंतर परत वाचलं. माका काय सुचना नाय गो.

मी मूर्ख आहे. पोरीने डोळ्यासाठी काम दिलं आणि मी तिची चूक काढून मिशीला पीळ देत बसलो. तुझ्या कुंदाकाकूला घरी सांगितलं तर तिने माझ्याशी बोलणं टाकलंय. तिचं म्हणणं, तुमचे कान गेलेत ठाऊक होतं, डोकं गेलेलं आज कळलं.

आवाज बारीक करून बोलणार नाही. माझा होतच नाही. वाईट वाटलं ते मात्र वाटलं, ते लिहू नको म्हणशील तरी लिहिणार. राजारामला काय वाटलं असतं हा विचार डोक्यातून जात नाही.

आता ऐक. ड्रॉइंग राहू दे बाजूला. तू रायफल धरून उभी राहशील तेव्हा तुझा डावा डोळा नेमका कुठे येतो ते मला स्वतः बघायचंय. रविवारी मुलुंडच्या तुमच्या रेंजवर येतो. मॅडमना विचारून ठेव. नाही म्हणाल्या तरी येतोच आहे.

गुणाजी


गोवंडी
२३ सप्टेंबर

काका,

रेंजवर तुमचा फॅन क्लब झालाय.

आमची रेंज म्हणजे लायब्ररीपेक्षा शांत. तिथे तुम्ही "हलू नकोस, नाक मध्ये येतंय" असं ओरडलात तेव्हा तीन नंबरच्या लेनवरची श्रुतिका दचकली आणि तिचा छर्रा थेट भिंतीत. ती अजून मला ऐकवते. माझ्या नाकाला तुमचा मापाचा व्हर्निअर लावलेला फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरतोय. मॅडम म्हणाल्या, एवढी वर्षं कोचिंग करते पण शूटरच्या दोन डोळ्यांत किती अंतर असतं हे कोणी गिरमिटासारखं खुपसून मोजलेलं बघितलं नव्हतं.

पण तुम्ही पुठ्ठ्याचं जे तात्पुरतं करून साइट धरून दाखवलीत ना, तेव्हा मी मान अजिबात न वाकवता डाव्या डोळ्यातून बघितलं आणि काळा गोल बरोबर रिंगच्या आत येऊन बसला. मेपासून पहिल्यांदा. काका, मला हे लवकर करून द्या. मला तिथे उभं राहायचंय.

चेतना


साकीनाका
१ ऑक्टोबर, खंडेनवमी

चेतना,

काम तयार. द्रौपदीच्या हाती देतोय. मागचं ब्रॅकेट, पुढचं ब्रॅकेट, चार स्क्रू आणि एक ॲलन की. मापं तुझ्या डोळ्यावरून घेतलेली, त्यामुळे दुसऱ्या कोणाला उसनी देऊ नकोस, त्याला भलतंच दिसेल.

आज इथे सगळा दंगा आहे. गल्लीत झेंडूचा चिखल झालाय. शेजारच्या निलेशने कॉम्प्रेसरला हार घातला, त्याच्यासमोर नारळ फोडला, आणि नारळाचं पाणी मोटरमध्ये गेलं, आता मेकॅनिक बोलावलाय. माझ्या लेथला आज तेल मिळालं, बस. ही हत्यारांची पूजाबिजा मी उभ्या जन्मात केली नाही. कंपनीत खंडेनवमीला सगळं खातं आरतीला उभं राहायचं आणि तुझा बाप आणि मी कॅन्टीनमध्ये चहा पीत बसायचो. युनियनचा माणूस मी. राजाराम म्हणायचा, गुण्या, आमच्यात हे नसतं ते ठीक, पण तू तर आमच्याहून पक्का निघालास.

एक सांगतो ते लक्षात ठेव. मागच्या ब्रॅकेटची आतली बैठक, जिथे ते पट्टीवर टेकतं, तिथे बोट घालू नकोस आणि पुसूबिसू नकोस. मी सगळं साफ करून दिलंय. आहे तसं चढव आणि स्क्रू आवळ.

जपून राहा. डाव्या डोळ्यात कचरा जाईल अशा ठिकाणी उभी राहू नकोस.

गुणाजी


गोवंडी
१० ऑक्टोबर

काका,

आधी चांगली बातमी. ब्रॅकेट बसलं असं बसलं की जणू कंपनीतून लागून आलं. दसऱ्याला वस्तीत धम्मचक्र दिनाचा कार्यक्रम होता, तो आटपून दुसऱ्या दिवशी सकाळीच रेंज गाठली. पहिले तीन शॉट दहा, दहा, दहा. मॅडमनी माझ्या पाठीत गुद्दा मारला, आनंदाने.

आता वाईट. त्यानंतर वाट लागली आहे. छर्रे वर चढायला लागले. मी साइटचं बटण फिरवून खाली आणले, तर दुसऱ्या दिवशी उजवीकडे. तिकडून आणले तर परत वर. रोज नवीन ठिकाणी. एका जागी चुकत असतं तर दुरुस्त केलं असतं, पण हे मनात येईल तिकडे जातं. काल सातसुद्धा लागला. सात म्हणजे काय ते तुम्हाला कळणार नाही, सात म्हणजे घरी जा.

तुमच्या ब्रॅकेटमध्ये काहीतरी हलतंय, काका. बघाल का?

चेतना


साकीनाका
११ ऑक्टोबर

चेतना,

माझं ब्रॅकेट हलत नाही. माझ्या हातचं आजपर्यंत काही हललेलं नाही. मुलुंडच्या एका दवाखान्यातली खाटेची चाकं मी केली होती, ती सुद्धा हलत नाहीत, लोकांची तक्रार आहे तशी.

पत्र वाचून नाकाला मिरच्या झोंबल्या, खोटं कशाला बोलू. हलत असेल तर तू हलत असशील. नवा डोळा आहे, त्याला सवय नाही. श्वास कुठे सोडतेस ते बघ. घोडा दाबताना अंगठा दाबतेस का ते बघ. तुझ्या बापाचंही तेच होतं, हातोडी मारताना जीभ बाहेर काढायचा, म्हणून नेम चुकायचा.

ब्रॅकेट काढू नकोस. आहे तसं राहू दे आणि प्रॅक्टिस वाढव.

गुणाजी


गोवंडी
१६ ऑक्टोबर

काका,

श्वास बघितला. अंगठा बघितला. जीभसुद्धा बघितली, श्रुतिकाला समोर उभं करून, आत असते.

आज गंधाली मॅडमनी हात टेकले आणि म्हणाल्या, सगळं उतरव, पुसून परत चढव. तुम्ही नको म्हणाला होतात म्हणून मी आधी टाळलं, मग उतरवलंच. मागच्या ब्रॅकेटच्या आत, बैठकीवर, लाल काहीतरी सुकून चिकटलंय. एका बाजूला जाड, एका बाजूला घासून गेलेलं. मॅडमना वाटलं गंज. मी म्हटलं ॲल्युमिनियमला लाल गंज येत नाही.

हे काय आहे? पुसू का? आईला आज उलट्या पावली पाठवलंय, उत्तर लगेच द्या.

चेतना


साकीनाका
१६ ऑक्टोबर

चेतना,

द्रौपदी समोर उभी आहे, घाईत लिहितो. ते लाल म्हणजे मार्किंगचा रंग. बैठक नीट टेकते की नाही बघायला आम्ही कारागीर लाल रंग लावतो. जिथे टेकतं तिथला पुसला जातो, मग तिथे कानस मारायची. मामुली गोष्ट आहे. माझ्याकडून पुसायचा राहिला असेल. रॉकेलने पुसून टाक आणि चढव. विषय संपला.

गुणाजी


गोवंडी
१८ ऑक्टोबर

काका,

तुमचे कारागीर मार्किंगच्या रंगात तांदूळ पण घालतात का?

रॉकेल लावायला घेतलं तर खरवडताना एक दाणा निघाला. अर्धा पीठ झालेला, अर्धा शाबूत. कागदात बांधून पाठवतेय, बघा ओळख पटते का. मी आईला दाखवला. तिने आधी दाण्याकडे बघितलं, मग ब्रॅकेटकडे, मग बोटाने ते लाल चोळून नाकाशी नेलं, आणि पलंगावर बसून डोळ्याला पाणी येईपर्यंत हसली. म्हणाली, अगं हे कुंकू आहे. गुणाजी भावोजींनी तुझ्या बंदुकीला ओवाळलंय.

आता सगळं जुळलं. स्क्रू आवळला की ब्रॅकेट त्या दाण्यावर टेकत होतं. रोज मारलं की दाणा थोडा चुरडायचा आणि साइट थोडी कलंडायची. एवढीशी कलंडली तरी दहा मीटरवर बोटभर फरक पडतो. म्हणून रोज नवीन जागा. पुसून चढवलं. काल दहा, दहा, नऊ, दहा, दहा. आज पण तेच.

युनियनचा माणूस ना तुम्ही? उभ्या जन्मात? कॅन्टीनमध्ये चहा? बाबा असते तर तुम्हाला साकीनाक्याच्या चौकात उभं करून कबूल करायला लावलं असतं. मी हे रेंजवर सगळ्यांना सांगितलंय. श्रुतिका विचारते, पुढच्या वेळी नारळ पण फोडणार का रायफलवर.

पण काका, एक गोष्ट मस्करीत नाही. हे दोन आठवडे मला वाटायला लागलं होतं की डावा डोळापण फसवतोय. मी घरी एकटी असताना उजवा झाकून कॅलेंडरवरच्या तारखा वाचून बघायचे, बरोबर वाचल्या तरी विश्वास बसायचा नाही. आणि तुम्ही लिहिलंत, हलत असेल तर तू हलत असशील. तुम्हाला माहीत होतं आत काय आहे. सांगायला हवं होतं.

चेतना


जोगेश्वरी, घरून
२३ ऑक्टोबर, भाऊबीज

चेतना,

गाळा बंद आहे, म्हणून घरून लिहितोय. गेले चार-पाच दिवस लिहायला बसतो आणि उठतो.

कुंकू मी लावलं. तांदूळही मीच. खंडेनवमीच्या सकाळी कुंदाचा करंडा तिच्या नकळत पिशवीत घालून नेला. गाळ्याचं शटर अर्धं खाली ओढलं, निलेशने बघू नये म्हणून. वरून लावलं तर तुझ्या घरी दिसेल, तुझ्या घरात हे चालत नाही आणि चालू नये, म्हणून आत लावलं जिथे कोणाला दिसणार नाही. नेमकी तीच बैठक. हाताखालच्या पोराने असं केलं असतं तर मी त्याला गल्लीबाहेर काढलं असतं. बैठकीत कचरा राहता कामा नये हे मी लोकांना शिकवत आलो आणि स्वतः मूठभर कचरा भरून दिला. त्यात म्हणालो पुसू नकोस.

तू लिहिलंस की छर्रे वर जातात, तेव्हा माझ्या मनात एकदा आलं होतं. लगेच झटकून टाकलं. एवढ्याशा कुंकवाने काय होतं, म्हटलं. खरं सांगायचं तर कबूल करायची लाज वाटली. त्या लाजेपायी तुला श्वासाचं लिहिलं. तू कॅलेंडर वाचत होतीस हे वाचल्यापासून फराळाचं ताट तसंच परत पाठवतोय. माफ कर म्हणतो, पण ते पुरेसं नाही हे मला कळतं.

का केलं ते सांगतो. मी आयुष्यभर काम करून दिलं आणि विसरलो. बसलं तर बसलं, नाही बसलं तर परत आणतील. तुझं ब्रॅकेट हातात घेतलं आणि पहिल्यांदा भीती वाटली. वाटलं, माझ्या हातून केसभर इकडे तिकडे झालं तर पोरीचा खेळ जाईल, रायफल दुसऱ्या कोणाला मिळेल. मापं पुन्हा पुन्हा घेतली, बरोबर होती. तरी भीती जाईना. पूर्वी असं काही वाटलं की राजारामला सांगायचो. तो म्हणायचा, गुण्या, गप चहा पी. आता कोणाला सांगू? या वयात देवाकडे गेलो, आणि ते पण चोरून. सवय नव्हती त्यामुळे कुंकू किती आणि तांदूळ किती हेही कळलं नाही.

आज कुंदाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, देवाला हात जोडायचे सोडून तुम्ही त्याला स्क्रूखाली आवळलंत.

निवडीच्या दिवशी मी येत नाही. माझ्या आवाजाने तुझा घोटाळा होईल. गाळ्यातच बसेन. तू नीट उभी राहा.

तुझा
गुणाजी काका


गोवंडी
३ नोव्हेंबर

गुणाजी काका,

आईला आज सुट्टी होती. तरी ती हे पत्र घेऊन मुद्दाम साकीनाक्याला येतेय. तिच्या चेहऱ्यावरून तुम्हाला आधीच कळणार, तिला काही लपवता येत नाही, पण तरी क्रमाने वाचा.

काल निवड झाली. आधी सामान तपासतात. तिथल्या जजनी रायफल हातात घेतली आणि डावीकडे निघालेली साइट बघून आजूबाजूच्या दोघांना बोलावलं. तिघांनी मिळून मापं घेतली, पुस्तक उघडून नियम वाचला, आणि पास केलं. एकाने विचारलं, कुठल्या देशातून मागवलं? मी म्हटलं साकीनाका. त्याला वाटलं मी थट्टा करतेय.

मॅच सुरू झाली. पहिले शॉट बरे गेले, मग एक आठ गेला. आठ गेला तेव्हा पूर्वीसारखं डोक्यात आलं, साइट कलंडली का? डोळा गेला का? मी रायफल खाली ठेवली. तुमचं पत्र आठवलं, मापं पुन्हा पुन्हा घेतली, बरोबर होती. तेवढं एक वाक्य धरलं. मापं बरोबर आहेत, म्हणजे चूक माझी आहे, आणि माझी असेल तर ती मला सुधारता येते. काका, मला त्या आठाचा आनंद झाला, वेड्यासारखा. कारण तो माझा होता. ब्रॅकेटचा नव्हता, डोळ्याचा नव्हता. मी घाई केली होती, बस. पुढे घाई केली नाही.

टीममध्ये आठ जणी घेतात. मी आठवी आहे. नववीत आणि माझ्यात चिमूटभर फरक. श्रुतिका तिसरी आली आणि आता भाव खातेय. रायफल वर्षभर माझ्याकडे.

आणि तुमच्यावरचा राग गेलाय. तो आधीच गेला होता, पण मॅचपर्यंत तुम्हाला कळवायचं नाही असं ठरवलं होतं, तुम्ही जरा घाबरलेले बरे म्हणून. भीती वाटली तर यापुढे मला सांगा. बाबांसारखं उत्तर देईन, गुणाजी काका, गप चहा प्या. कुंकवाला हात लावू नका.

निकाल बोर्डावर लावला तेव्हा मला लांबून वाचता येईना, गर्दी होती. गंधाली मॅडम पुढे जाऊन बघून आल्या आणि लांबूनच दोन्ही हातांची आठ बोटं दाखवली. मे महिन्यात डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा मी रडले नव्हते. घरी येऊन जेवले, झोपले, दुसऱ्या दिवशी कामाला गेले. काल मात्र तिथेच, सगळ्यांसमोर, भिंतीला टेकून रडले. सोबत आलेल्या आईने पदराने डोळे पुसायला घेतले, आधी डावा, मग उजवा, आणि थांबली. उजव्या डोळ्यातून डाव्याइतकंच पाणी येत होतं.

चेतना